बारा लाख पावलांचे एक युनिट

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. पदार्थविज्ञान शिकविण्यात पस्तीस वर्षे गेल्यामुळे निवृत्तीनंतर अशी बोलावणी येतात आणि ती नाकारवत नाहीत. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, चांद्रयान अशी नेहमीची रांग पाहत पाहत एका टेबलाशी थांबलो. आठवीतली एक मुलगी उभी होती. नव्या मिक्सरच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचा पातळ कापलेला चौकोन, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा, चार डायोड आणि ओळीने जोडलेले बारा लाल दिवे. साडीचा तुकडा थर्माकोलवर दाबून तिने हात उचलला की दिवे लुकलुकत. मागे तक्ता लावला होता : ‘कचऱ्यातून वीज – थर्माकोलने उजळेल गाव’.

‘‘सतत लागतात का ग दिवे?’’ मी विचारले.

‘‘नाही सर, दाबलं की लागतात. आणि पावसात लागत नाहीत. जुलैमध्ये केलं तेव्हा चाललंच नाही. मग आजीनं सगळं दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं, तेव्हा चाललं.’’

या उत्तराला मी पहिला क्रमांक दिला. तक्त्याला नव्हे, उत्तराला. पण बातमी तक्त्याची झाली. आणि पंधरा दिवसांनी आमच्या सोसायटीच्या सभेत एका सभासदाने त्या बातमीचा फोटो सर्वांना दाखवला. त्यांचा मुद्दा सरळ होता. आता प्लास्टिकपासून वीजच होणार असेल, परदेशांतही त्यावर काम चालू असेल, तर ओला-सुका वेगळा करा, थर्माकोल वेगळा बांधा ही कटकट कशाला? आणि कचरा वेचायला येणाऱ्या ताईंना घरटी दरमहा पैसे तरी कशाला? सगळे एकत्र गाडीत टाकावे, पुढे त्याची वीज होईल. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, ‘‘सर, बक्षीस तर तुम्हीच दिलंत!’’

सभेत हिशेब मांडता येत नाही. तो इथे मांडतो आहे.

आधी त्या चौकोनात काय घडते ते पाहू. हिवाळ्यात टेरीलीनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो, केसांवर घासलेली पट्टी कागदाचे कपटे उचलते, तेच हे. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि दूर झाले की एकावर ऋण आणि दुसऱ्यावर धन विद्युतभार राहतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना हे अंबराच्या खड्यावरून ठाऊक होते. कोणता पदार्थ धन होतो आणि कोणता ऋण याची पहिली क्रमवारी योहान विल्के याने १७५७ मध्ये लावली. त्या क्रमवारीत आपली त्वचा, काच, नायलॉन, लोकर ही एका टोकाकडे येतात. थर्माकोल, पॉलिथिन, पीव्हीसी आणि टेफ्लॉन दुसऱ्या टोकाकडे. म्हणजे आपण ज्याला कचरा म्हणतो त्यातले बरेचसे प्लास्टिक या कामाला जात्याच लायक आहे. गंमत अशी की, इतक्या जुन्या गोष्टीत नेमके काय सरकते, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचेच सूक्ष्म कण, यावर शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही.

शतकानुशतके ही वीज उपद्रव म्हणूनच ओळखली गेली. कापडगिरण्यांत धागे चिकटतात, इंधनाच्या टाकीजवळ ठिणगी पडते. २०१२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत झोंग लिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांच्या पाठीला धातूचा थर देऊन, ते दाबून-सोडून, या भारातून तारेत प्रवाह मिळवून दाखवला. तेव्हापासून जगभर यावर कामाची झुंबड उडाली आहे. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीने २०२१ मध्ये पाण्याच्या थेंबांच्या घसरण्यातून अशी वीज मिळवली. ती काही मिलिवॉट होती, म्हणजे घड्याळ, तापमापक किंवा एखाद्या संवेदकापुरती. आणि टाकाऊ प्लास्टिकचे म्हणाल तर २०२४ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने लॅटव्हियातील रिगा तंत्र विद्यापीठाबरोबर चक्क थर्माकोलच्या जातीच्या प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिस्टायरिनचे, पापुद्रे केले. एकेक पापुद्रा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचा. एअर कंडिशनरच्या वाऱ्यासारख्या झोताने ते थरथरले की वीज निर्माण होते. त्यात दाब मिळाला २३० व्होल्टच्या आसपास.

२३० व्होल्ट! आपल्या घरच्या प्लगमध्ये असतो तेवढाच. बातम्या इथेच फसतात. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. गच्चीवरच्या टाकीला कितीही उंची असली तरी नळातून दर मिनिटाला एक थेंब पडत असेल तर बादली भरायला वर्ष लागेल. या साधनांत उंची भरपूर, धार मात्र थेंबाची. त्या मुलीचे बारा दिवे लागतात ते क्षणभरच. कारण दिवा उजळायला व्होल्ट पुरतात, उजळत राहायला ऊर्जा लागते.

आमच्या सभेत दुसराही एक गोंधळ होता, आणि तो अधिक खोलवरचा आहे. ‘प्लास्टिकपासून ऊर्जा’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक, प्लास्टिक जाळणे किंवा तापवून त्याचे तेल करणे. प्लास्टिक हे शेवटी खनिज तेलाचे अपत्य. एक किलो पॉलिथिनमध्ये साधारण एक किलो रॉकेलाएवढी उष्णता असते. त्यात कचरा खरोखर संपतो, मात्र पीव्हीसीसारखे प्लास्टिक त्यात मिसळलेले असेल आणि भट्टी नीट नसेल तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. दुसरी गोष्ट त्या मुलीच्या टेबलावरची. तिथे प्लास्टिक जळत नाही, खर्ची पडत नाही, कमीही होत नाही. थर्माकोल तिथे जळण नसून जाते आहे. पीठ धान्याचे होते, जात्याचे नाही. धान्य काय, तर हाताची हालचाल, वाऱ्याचा झोत, यंत्राचा थरथराट. जाते कशाचे घडवले, टाकाऊ दगडाचे की विकतच्या, याला महत्त्व आहे. पण त्याने धान्य वाढत नाही.

मग धान्य किती आहे? दादर स्टेशनचा पूल घ्या. तिथे माणसांची कमतरता नाही. जपानच्या एका रेल्वे कंपनीने टोकियो स्थानकात २००८ मध्ये, वेगळ्या तंत्राने, अशी वीज देणारी फरशी घालून पाहिली होती, तेव्हा कल्पना नवी नाही. समजा पुलावर अशी फरशी घातली आणि साठ किलोच्या माणसाच्या पावलाखाली ती पाच मिलिमीटर दबली. त्यातून मिळणारी ऊर्जा, एक कणही वाया न जाता, तीन ज्यूल. वीजबिलातले एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटासाठी बारा लाख पावले हवीत. प्रत्येकाची दहा पावले फरशीवर पडतात असे धरले तर एक लाख वीस हजार माणसे. तेवढी वीज छपरावरचे एक चौरस मीटर सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या एका दिवसात, कुणाला न तुडवता देते. प्रत्यक्षात फरशीतून या तीन ज्यूलचा लहानसा भागच हाती लागेल ते निराळेच. शिवाय ती वीज फुकटची नव्हे. दबणाऱ्या फरशीवर चालणे म्हणजे वाळूत चालणे. पाय तेवढे जास्त दमतात. आपल्या डब्यातल्या पोळी-भाजीवर रेल्वेचा दिवा लावण्यातला हा प्रकार आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बक्षीस कशाला दिले? त्याचेही उत्तर हिशेबातच आहे, फक्त तुलना बदलली पाहिजे. या साधनांची स्पर्धा महावितरणशी नाही. ती सेलशी आहे.

भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल पाहा. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साडेतीन-पावणेचार वॉट-तास ऊर्जा असते. एका युनिटात हजार वॉट-तास. म्हणजे एक युनिट वीज सेलमधून घ्यायची तर अडीचशेहून अधिक सेल लागतील. सेल वीस रुपयांना धरला तर युनिट पाच हजारांच्या पुढे जाते. भिंतीतून येणारे युनिट दहा रुपयांच्या आसपास पडते आणि त्याबद्दल आपण तक्रार करतो. घड्याळासाठी मात्र पाचशेपट भाव हसत हसत मोजतो. कारण घड्याळाला वीज लागते ती एका मिलिवॉटहूनही कमी आणि ती जिथे हवी तिथे तार पोचत नाही. बाजारात ज्या ऊर्जेला इतका भाव मिळतो, ती थर्माकोलच्या चौकोनातून मिळाली तर ती स्वस्तच म्हणायची.

आणि अशा जागा वाढत आहेत. साखर कारखान्यातल्या एखाद्या मोठ्या बेअरिंगचा थरथराट बदलला का, पुलाच्या सांध्यात हालचाल जास्त होते आहे का, दूधसंकलन केंद्रात आलेला कॅन वाटेत तापला होता का, हे सांगणारे छोटे संवेदक आता स्वस्त झाले आहेत. महाग आहे तो माणूस, जो दर सहा महिन्यांनी पुलाखाली उतरून सेल बदलेल. व्यवहारात तो उतरत नाही. सेल संपतो, संवेदक मुका होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिथे जी गोष्ट मोजायची, तो थरथराटच जर संवेदकाला खाऊ घालत असेल, तर हे खरे उपयोगाचे काम झाले. वापरून झालेले सेल आपण सर्रास ओल्या कचऱ्यात टाकतो. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले, पण आमच्या सोसायटीत तरी त्या नियमांची वार्ता पोचलेली नाही. लहान मुलांनी गिळलेल्या बटन सेलने अन्ननलिका भाजते, हे कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला विचारावे. सेल जितके कमी होतील तितके बरेच.

अडचणी नाहीत असे नाही. पहिली त्या मुलीनेच सांगितली. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि विद्युतभार त्यावरून निसटून जातो. कोरड्या हवेच्या प्रयोगशाळेत मिळालेले आकडे रत्नागिरीच्या जुलैत मिळणार नाहीत. त्यासाठी साधन हवाबंद करावे लागते, म्हणजे पुन्हा प्लास्टिकचे आवरण आले. दुसरी, घासले की झिजते, आणि झिजलेले प्लास्टिक सूक्ष्म कणांच्या रूपाने हवा-पाण्यात जाते. तिसरी, थर्माकोलचे पापुद्रे करायचे तर तो बहुधा आधी कशात तरी विरघळवावा लागतो, आणि प्रयोगशाळेत वापरली जाणारी पुष्कळशी द्रावके आरोग्याला वाईट. (संत्र्याच्या सालीतल्या तेलात थर्माकोल विरघळतो. साल पिळून फुगा फोडण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे, त्यातलेच ते तेल. जपानच्या सोनी कंपनीने १९९०च्या दशकात या तेलाने थर्माकोल गोळा करण्याचा प्रयोग केला होता. नागपूरकरांनी याकडे जरा पाहावे.) चौथी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निव्वळ थर्माकोल असतो तोवर त्याचे काही करता येते. त्याला धातूचा पापुद्रा, डायोड, तारा आणि गोंद चिकटवला की साधनाचे आयुष्य संपल्यावर जे उरते ते कोणत्याच भट्टीला नको असते. साध्या कचऱ्याचा आपण मिश्र कचरा केलेला असतो.

आता मूळ प्रश्न : याने कचऱ्याचा डोंगर किती हलेल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. तो प्रत्यक्षात याहून बराच अधिक असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. आपण कमीचाच आकडा घेऊ. दिवसाला सव्वाअकरा हजार टन झाला. आता देशातल्या १४० कोटी माणसांना प्रत्येकी एक साधन दिले, तान्ह्या बाळालासुद्धा, आणि प्रत्येकात दहा ग्रॅम टाकाऊ प्लास्टिक वापरले, तर एकूण प्लास्टिक लागेल चौदा हजार टन. म्हणजे सव्वा दिवसाचा कचरा. परवा दुपारपासून पुन्हा ढीग साचू लागेल.

आणि ते दहा ग्रॅम तरी कोणत्या ढिगातून यायचे? भाजीच्या पाण्यात, आमटीत, डायपरमध्ये लडबडलेले प्लास्टिक प्रयोगशाळेच्या काय, भंगारवाल्याच्याही कामाचे नसते. म्हणजे घोडे पुन्हा त्याच जागी येऊन थांबते. वीज करा, रस्ता करा, सतरंजी करा. कोणीतरी ते आधी वेगळे काढले पाहिजे. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक डांबरात मिसळून रस्ते करण्याची पद्धत काढली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही पहिली पायरी हीच : कोरडे, निवडलेले, बारीक केलेले प्लास्टिक.

आमच्या पुण्यात ही पायरी कोण सांभाळते हे सांगायला नको. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार होऊन या बाया उकिरड्यावरून आपल्या दारात आल्या. दारात निवडलेला सुका कचरा हाती लागला तरच त्यांचे गणित जमते. महिन्याचे पैसे हा त्यातला एक भाग, भंगाराचा भाव हा दुसरा.

सभेनंतर मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंना थर्माकोलबद्दल विचारले. जिन्याखाली बसून त्या दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या बाटल्या वेगवेगळ्या पोत्यांत टाकत होत्या.

‘‘काका, थर्माकोलला कोण विचारतंय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोतं भरतं, पण काट्यावर काही चढत नाही. टेम्पोवाला म्हणतो, हवा कशाला भरून आणली?’’

शब्दशः खरे आहे. थर्माकोलमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के हवाच असते. एका कपाटाएवढा ढीग पंधरा-वीस किलो भरत नाही. त्यामुळे सगळ्या प्लास्टिकमध्ये तो अनाथ. मखरांच्या हंगामानंतर नदीकाठी काय दिसे ते आठवावे. राज्याने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, पण टीव्ही-मिक्सरच्या खोक्यांतून तो घरात येतोच. ज्या दिवशी कोणी कारखानदार ताईंना म्हणेल, ‘‘कोरडा, स्वच्छ थर्माकोल द्या, किलोला इतका भाव देतो,’’ त्या दिवशी तो आपोआप वेगळा निघू लागेल. पाण्याच्या बाटलीचे तेच झाले. संशोधनाच्या बातम्यांत व्होल्ट असतात, हा भाव नसतो. वेचणे, वाहणे, दाबून लहान करणे याचा खर्च कोणी धरायचा हे त्यात नसते. २०२२च्या केंद्रीय नियमांनी वेष्टनाचे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे; तो पैसा जिन्याखालच्या पोत्यापर्यंत पोचला का, हे मी ताईंना विचारले. त्यांनी अशा पैशाबद्दल ऐकलेले नव्हते.

आमच्या सभासदांचा मी राग करीत नाही, कारण त्यांचा युक्तिवाद फार मोठ्या ठिकाणी, फार मोठी माणसेही करतात. प्लास्टिकच्या प्रदूषणावर जागतिक करार करावा असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत २०२२ मध्ये ठरले. २०२४च्या अखेरीस बुसानला चर्चा झाली, ती निष्फळ ठरली. २०२५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात पुन्हा झाली, तीही कराराविना उठली. तिढा मुख्यतः एका मुद्द्यावर होता. नवे प्लास्टिक किती तयार करावे याला मर्यादा घालायची, की झालेल्या कचऱ्याची व्यवस्था तेवढी सुधारायची? तेल काढणाऱ्या देशांना मर्यादा नको आहे. भारतानेही बुसानमध्ये उत्पादनावरच्या मर्यादेला विरोध केला. विकासाचा हक्क हे त्यामागचे कारण दिले आणि ते अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. पण ‘कचऱ्याची काहीतरी जादू होईल’ हा विश्वास जेवढा पसरेल तेवढा मर्यादा नको म्हणणाऱ्यांचा पक्ष बळकट होतो, मग ते जिनिव्हाचे सभागृह असो की आमच्या इमारतीचा वाहनतळ. ‘ओईसीडी’च्या अहवालाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३५ कोटी टनांहून अधिक प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातल्या अवघ्या नऊ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. पुनर्वापराची घोषणा मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे.

त्या मुलीला मी नंतर तिच्या शाळेत जाऊन भेटलो. तक्त्यावरचा ‘गाव’ जरा मोठाच झाला आहे, हे तिला बारा लाख पावलांच्या हिशेबाने दाखवले. ती थोडी हिरमुसली. मग सेलचा हिशेब दाखवला, तेव्हा तिने विचारले, ‘‘म्हणजे आमच्या वर्गातलं घड्याळ चालेल?’’ चालेल, असे मला वाटते. दार उघडझाप होते तिथे तिचा चौकोन बसवायचा आणि प्रत्येक धक्क्याची वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठवायची, असे ठरले आहे. मात्र व्होल्ट खूप आणि धार बारीक असल्यामुळे ती साठवण्याचे मधले सर्किट हेच कठीण काम आहे. ते आम्ही दोघे शिकतो आहोत. सुटीच्या दिवशी दार उघडणार नाही तेव्हा घड्याळाचे काय, असा प्रश्न तिच्या आजीने विचारला आहे. त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

सोसायटीचा ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. ताईंचे पैसे तोवर चालू आहेत. त्या दिवशी निघताना त्यांनी मला एवढेच सांगितले की, थर्माकोल वेगळा बांधायचा तर तो भाजीच्या पिशवीशेजारी ठेवू नका, पाणी लागले की त्याला वास येतो. आता मी तो गॅलरीत दोरीला टांगून ठेवतो.